लाल ट्रॅक्टर गुलाबी पडलाय, पॉलिश करू की नवा रंग मारू?

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वडिलांनी २०११ साली घेतलेला लाल ट्रॅक्टर, नांगरट पण करतो आणि हंगामात ऊस पण ओढतो, शेड नाही त्यामुळे बारा महिने उन्हात उभा. बॉनेट आणि मडगार्ड वरून पांढरट गुलाबी झालेत, हात फिरवला की तळहात लाल होतो. गावातला पेंटर म्हणतो सगळं खरवडून नवीन रंग मारावा लागेल, मित्र म्हणतो कंपाउंड (रंग घासून चमकवायची पेस्ट) मार चमकेल, आणि तुम्हाला कळत नाहीये की ऐकायचं कुणाचं.

मी सांगली जिल्ह्यात २२ वर्षं डेंटिंग-पेंटिंगचं काम करतोय, कार येतात पण निम्म्याहून जास्त काम ट्रॅक्टर, पिकअप आणि टेम्पोचं असतं. त्यावरून सांगतो, दोघंही बरोबर असू शकतात. पॉलिश की पेंट हे नंतर ठरतं, आधी बघायचं की पत्र्यावर अजून जिवंत रंग किती उरलाय. तो उरला असेल तर खरवडणं म्हणजे चांगला माल फेकून देणं, कारण कंपनीत मारलेला आणि भट्टीत भाजलेला रंग पत्र्याला जसा धरतो तसा आपल्या गॅरेजमधला रंग सहसा धरत नाही, मी स्वतः रंग मारणारा माणूस असून हे सांगतोय. आणि उरला नसेल तर कितीही घासा, खालचा प्रायमर (रंगाच्या आधी पत्र्यावर मारलेला थर) वर येईल बाकी काही नाही.

आता हे होतं कसं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. रंगात मुख्य दोन गोष्टी असतात, एक रंगाची पूड म्हणजे पिगमेंट आणि दुसरं त्या पुडीला धरून ठेवणारं रेझिन. उन्हातले अतिनील किरण आणि हवा मिळून वरच्या थरातलं रेझिन खातात, मग पूड मोकळी होते. जुन्या घराच्या चुन्याच्या भिंतीला टेकून बसलं की पाठ पांढरी व्हायची बघा, तसंच हे. मोकळ्या पुडीवर उजेड वेडावाकडा पसरतो म्हणून लाल रंग गुलाबी दिसतो. पण हे होतं ते वरच्या वर, त्याच्या खाली रंग चांगला असू शकतो. लाल रंगातच हे जास्त का, तर बरेचसे भडक लाल पिगमेंट मुळातच उन्हाला कच्चे असतात, पांढरा किंवा रेड ऑक्साइडचा विटकरी रंग त्या मानाने खूप तग धरतो.

तुमच्या हाताला लाल पूड लागते हे ऐकून मला बरं वाटलं. याचा अर्थ रंगावर क्लिअर कोट म्हणजे वरचा पारदर्शक थर नाही, रंग एकाच जातीच्या थराचा आहे आणि असा रंग बहुतेक वेळा परत येतो. ज्यांच्याकडे पिकअप किंवा कार आहे त्यांनी इथे जरा थांबा, तुमच्या गाडीवर क्लिअर कोट असेल आणि तो सापाच्या कातीसारखा पापुद्रे सुटून निघत असेल तर त्यावर पॉलिशचा काही उपयोग नाही, तो भाग घासून रंगवावाच लागतो. ओळखायचं असेल तर पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा, फडक्यावर गाडीचा रंग आला तर एकेरी रंग, नाही आला तर वर क्लिअर कोट आहे.

आता तुमच्या ट्रॅक्टरच्या तपासण्या, पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो. बॉनेटवर एक मग पाणी ओता. ओलं असताना रंग गडद लाल दिसला आणि वाळल्यावर परत गुलाबी झाला तर समजा खाली माल आहे, ओल्यात जसा दिसतो साधारण त्याच्या जवळपास पॉलिशने आणता येतो. ओलं करूनही फिका आणि ठिपक्या-ठिपक्याचा दिसत असेल किंवा बारीक भेगांची जाळी दिसत असेल (सुकलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशी) तर तो भाग गेला. मग नंबर प्लेट सोडवता येण्यासारखी असेल तर तिच्यामागे बघा, किंवा बाजूचा स्टिकर अर्धवट निघालेला असेल तर हेअर ड्रायरने गरम करून सावकाश सोडवा. खाली २०११ चा रंग निघेल, तो तुमचा मापदंड. वरचा रंग त्याच्यापर्यंत शंभर टक्के जाणार नाही हे आधीच मनाशी धरून चला.

अजून एक तपासणी आमच्या भागात फार महत्त्वाची आहे. गाडी बोअरच्या पाण्याने धुता का? जड पाणी पत्र्यावर वाळलं की क्षाराचा पांढरा थर बसतो आणि लोक त्यालाच रंग उडाला समजतात. पांढरा व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं करून फडक्याने वीतभर जागेवर लावा, एक-दोन मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा. पांढरेपणा बराच गेला तर तो क्षार होता. माझ्याकडे एक पिकअप आली होती, मालक पूर्ण पेंटचे पैसे घेऊन आला होता, निम्मा पांढरेपणा नुसता पाण्याचा निघाला. बाकीचं कंपाउंडने झालं, पैसे घेऊन परत गेला.

आधी कधी ट्रॅक्टरला रंग मारलाय का तेही वडिलांना विचारा. नक्की माहीत नसेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात फडक्याला थेंबभर थिनर लावून घासा. रंग लगेच विरघळून फडक्यावर आला तर तो एनसी (नायट्रोसेल्युलोज रंग), ज्याला जुने लोक ड्युको म्हणतात तो, म्हणजे कंपनीचा नाही, मधे कुणीतरी मारलाय. तो पण पॉलिश होतो पण किती जाड आहे आणि खाली पुट्टी किती आहे सांगता येत नाही, म्हणून हात हलका ठेवायचा.

इतकं करून बॉनेटच्या दोन्ही बाजू आणि मडगार्डचा उभा भाग चांगला निघाला असं मी धरून चालतो, कारण १०० पैकी ८० ट्रॅक्टरला तसंच असतं, ऊन वरून पडतं त्यामुळे आडवा पत्रा जास्त जळतो. ट्रॅक्टर न बघता सांगतोय, तेव्हा तुमच्याकडे वेगळं निघालं तर त्याप्रमाणे बदल करा.

धुण्यापासून सुरुवात. आपल्याकडे एक सवय आहे, धुवून झालं की वरून डिझेलचा हात मारायचा. दिसतं छान, दोन दिवस नव्यासारखं, मग त्या तेलकटपणावर धूळ बसते, फडक्याने पुसली की तीच धूळ पॉलिश पेपरसारखी घासते, शिवाय डिझेल रबराचे बीडिंग आणि स्टिकर फुगवतं. इंजिन आणि गिअरबॉक्सचं वंगण काढायला रॉकेल-डिझेल वापरा, रंगाला नको. खोबरेल तेल, जळकं ऑइल यांचंही तेच. जळकं ऑइल नांगराच्या फाळाला ठीक आहे, बॉनेटला नाही. कपड्याच्या पावडरने पण धुऊ नका, ती तेलकटपणा काढते तसंच रंगावरचं वॅक्सही काढून नेते. गाडीचा शाम्पू घ्या, उसाच्या रसाचा चिकटपणा असेल तर कोमट पाणी, आणि पत्रा थंड असताना सकाळी किंवा झाडाच्या सावलीत धुवा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी अल्टरनेटर, मीटर आणि एअर फिल्टरच्या तोंडावर जाऊ देऊ नका.

मग खरं काम. मी कधीही एकदम सगळ्या बॉनेटवर तुटून पडत नाही. मास्किंग टेपने फूटभर लांब फूटभर रुंद चौकोन करतो आणि त्यातच प्रयोग करतो. आधी सगळ्यात हलकं पॉलिश हाताने, फरक नाही पडला तर रबिंग कंपाउंड, त्यानेही नाही तर मग २०००चा वॉटर पेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), तो पण शाम्पूच्या पाण्यात भिजवून, रबरी ब्लॉकवर, दोन-चार हात मारायचे आणि थांबून बघायचं. लोक उलटं करतात, पहिल्यांदाच १००० चा पेपर घेतात कारण काम लवकर होतं. पण निघालेला रंग परत लावता येत नाही, म्हणून जितक्या कमीत काम होईल तितक्यातच थांबायचं. त्या चौकोनात जे काम झालं तेच सगळीकडे करायचं, त्याच्यापेक्षा जास्त नाही.

घासताना फडकं लाल होणार, घाबरू नका, तो मेलेला थर निघतोय. फडक्याची बाजू सारखी बदलत राहा, नाहीतर निघालेली पूड तुम्ही परत रंगात चोळत बसता आणि मग चकाकी येत नाही म्हणून अजून जोर लावता. लक्ष ठेवायचं ते रंगाच्या छटेवर. लाल जाऊन विटकरी किंवा राखाडी झाक दिसायला लागली की लगेच हात थांबवा, खाली प्रायमर आलाय.

हाताने होतं का? होतं, मी सुरुवातीची काही वर्षं हातानेच केलंय, एक बॉनेट आणि दोन मडगार्ड म्हणजे दोन माणसांचा पूर्ण दिवस, खांदे भरून येतात पण रंग जळायची भीती जवळपास नाही. मशीन असेल तर पॉलिशिंगचंच मशीन पाहिजे ज्याचा वेग कमी करता येतो. मी १००० ते १५०० आरपीएमवर चालवतो, खराब भागाला लोकरीचा पॅड आणि शेवटच्या हाताला फोमचा. पॅड दर थोड्या वेळाने ब्रशने साफ करायचा कारण अशा विटलेल्या रंगाची पूड त्यात गच्च बसते. वेल्डिंगवाल्याचा चार इंची ग्राइंडर मागून आणून त्याला पॅड लावू नका, कृपा करून नका लावू, तो १०-११ हजार आरपीएमने फिरतो, दोन सेकंदात रंग भाजून चिकट होतो आणि पत्रा दिसतो. असे जळलेले बॉनेट माझ्याकडे दरवर्षी येतात आणि मग खरंच पूर्ण पेंट करण्यावाचून इलाज राहत नाही.

कडांवर टेप लावायची विसरू नका. बॉनेटची घडी, मडगार्डची किनार, बोल्टच्या भोवतीचा उंचवटा, इथे रंग मुळातच पातळ असतो आणि मशीनचा सगळा दाब तिथेच येतो. मी तिसऱ्या वर्षात एका शेतकऱ्याच्या मडगार्डची कड अशीच घालवली, वीतभर पत्रा उघडा पडला. त्याला खरं सांगितलं, दोन्ही मडगार्ड माझ्या खर्चाने रंगवून दिले, आणि तेव्हापासून टेप लावल्याशिवाय मी मशीन चालू करत नाही, कामगारांनाही करू देत नाही.

आता न येणाऱ्या जागा. उभ्या सायलेन्सरच्या बाजूचा बॉनेटचा पट्टा उष्णतेने करपलेला असतो, डिझेल टाकीच्या झाकणाभोवती सांडून सांडून रंग मऊ पडून डागाळलेला असतो, आणि मडगार्डच्या वर जिथे माणसं बसतात तिथे घासून घासून पत्राच दिसतो. हे पॉलिशने येणार नाही. इथे तुमचा पेंटर बरोबर आहे, फक्त तो सगळा ट्रॅक्टर म्हणतोय तिथे तेवढाच भाग रंगवायचा.

मडगार्डबद्दल जरा जास्त लिहितो कारण ट्रॅक्टर खरा तिथून जातो. वरून गुलाबी झालेला रंग डोळ्याला खुपतो पण पत्र्याला त्याने लगेच काही होत नाही. आतल्या बाजूला मात्र चिखल चिकटून बसतो, त्यात खताचे क्षार असतात, पोटॅश आणि अमोनियाची खतं लोखंडाला फार वाईट, फवारणीचं मोरचूद त्याहून वाईट, आणि तो चिखल आठवडाभर ओला राहतो. गंज आतून सुरू होतो आणि बाहेर फोड दिसतो तेव्हा पत्रा निम्मा गेलेला असतो. फोडावर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा, आत गेलं तर पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागेल. घट्ट असेल तर चिखल पूर्ण काढा, वायर ब्रशने गंज साफ करा, फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर मिळतं ते हातमोजे घालून लावा, धुवून पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारा, दुसऱ्या दिवशीवर ढकललं तर रात्रीच्या दवाने परत लाली धरते. त्यावर साधा सिंथेटिक एनॅमल ब्रशने दोन हात मारला तरी चालेल, आत कोण बघतंय. पैसे कमी असतील तर मी म्हणेन आधी ते इथे घाला, बॉनेटची चकाकी पुढच्या हंगामानंतर केली तरी चालेल.

क्रम चुकवू नका, यात बरेच जण फसतात. बऱ्याच वॅक्स आणि पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं, ते पत्र्यावर राहिलं आणि त्यावर रंग मारला की रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, पेंटर त्याला फिश आयच म्हणतात. म्हणून सिलिकॉन नसलेलं कंपाउंड मागून घ्या. आधी धुणं, मग सगळीकडे कंपाउंड, त्यानंतर रंगवायच्या जागा घासून सिलिकॉन रिमूव्हरने पुसून रंग मारणं, आणि वॅक्स सगळ्यात शेवटी. कंपाउंड आधी का, तर रंग जुळवायला. तुम्ही विटलेल्या गुलाबी पत्र्याशी रंग जुळवला आणि नंतर बाकीचं चमकवलं तर ठिगळ दिसेल. ताज्या रंगवलेल्या भागाला मात्र निदान महिनाभर वॅक्स लावू नका, आतलं थिनर उडून जायला वेळ लागतो.

रंग कुठला, तर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला हार्डनर म्हणजे रंग कडक करणारं रसायन मिसळून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन रंग), तो एनसीपेक्षा खूप टिकतो. पण पीयूचा हार्डनर फुप्फुसाला घातक आहे, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, योग्य फिल्टरचा मास्क आणि मोकळी हवा पाहिजे, तेव्हा घरी प्रयोग न करता ज्याच्याकडे सोय आहे त्याच्याकडून करून घ्या. पावसाळ्यात रंगकाम टाळा, हवेत दमटपणा असला की विशेषतः एनसी रंग वाळताना पांढरा पडतो. गाळप हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलपासून वळीव येईपर्यंतचा काळ चांगला, नाहीतर पाऊस उघडल्यावर दसऱ्याच्या आधी, खंडेनवमीला पूजेला ट्रॅक्टर तयार. आणि पेंटरच्या डोक्यावर उभं राहून चॅसी नंबर आणि कंपनीची पट्टी टेपने झाकून घ्या, त्यावर रंग गेला की पुढे विकताना किंवा नाव बदलताना खरवडत बसावं लागतं. लालच्या जागी दुसरा रंग करायचा विचार असेल तर आरसी बुकात रंग लिहिलेला असतो, आरटीओत आधी विचारा.

रंगवायचं काही नसेल तर कंपाउंड झाल्यावर वॅक्स त्याच दिवशी लावा, रंगवायचं असेल तर रंगकाम उरकल्यावर लगेच, ताजा रंगवलेला भाग सोडून. आता जो रंग वर आलाय तो उघडा आहे, तसाच सोडला तर पहिल्यापेक्षा लवकर विटतो, आणि "पॉलिश केलं पण सहा महिन्यांत परत तसंच झालं" ही जी तक्रार तुम्ही ऐकली असेल ती बहुतेक इथून येते. पातळ दोन हात, मधे तासभर अंतर, जाड थापून उपयोग नाही. उसाच्या ट्रॅक्टरला मी साधारण तीन महिन्यांनी परत लावायला सांगतो, निदान पावसाळ्याआधी एकदा आणि गाळप सुरू व्हायच्या आधी एकदा तरी. पाणी टाकल्यावर थेंब गोळा होऊन ओघळत नसतील, पसरून बसत असतील, तर वॅक्स संपलं. सिरॅमिक कोटिंगचं कुणी गळ्यात मारत असेल तर या कामाच्या गाडीला मी तरी ते करत नाही, वाढ्यांनी आणि साखळदंडांनी ओरखडे पडणारच, तो पैसा शेडच्या पत्र्यात घाला.

शेड नसेल तर निदान ताडपत्री अंगावर टाकून ठेवू नका. वाऱ्याने हलून ती रंग घासते आणि खाली ओल धरते. चार बांबू रोवून वर हिरवी शेडनेट बांधली, ट्रॅक्टरच्या दोन हात वर, तरी आडव्या पत्र्यावरचं ऊन बरंच तुटतं. चिंचेच्या किंवा वडाच्या खाली लावत असाल तर पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी ओल्या फडक्याने काढा, उन्हात वाळली की रंगात डाग पाडते. खत टाकून किंवा फवारणी करून आलात की घरी आल्यावर मडगार्डच्या आत नुसत्या पाण्याचा पाइप पाच मिनिटं मारा.

आता नंबर प्लेटच्या मागचा किंवा स्टिकरखालचा रंग बघा, पाण्याची आणि व्हिनेगरची तपासणी करा आणि एक चौकोन घासून त्याचा फोटो सावलीत काढून इथे टाका, उन्हातल्या फोटोत सगळंच गुलाबी दिसतं. सायलेन्सरजवळच्या पट्ट्याचा आणि मडगार्डच्या आतल्या बाजूचाही फोटो लागेल. भेगांची जाळी दिसली तर पेपर अजिबात लावू नका, आधी मला दाखवा.